तुळसाबाईच्या भिंतीवरचं शून्य

तुम्ही घाटंजीला नवे, म्हणून विचारता की या गावात पाहण्यासारखं काय आहे. पुष्कळ आहे. १९६३ साली मी ते सगळं रोज पाहत होतो.

मी तेव्हा मलेरियाच्या कामावर होतो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं. असला तर बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. मग दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख आणि खाली आपलं अक्षर. माझं ‘बा’, बाबारावचं. घरात ताप नसला तर त्याखाली शून्य काढायचं, म्हणजे मागून तपासणीला येणारा साहेब तिथे खोळंबत नसे. माझ्या शून्याला वर एक शेंडी यायची. हातच तसा वळला होता, साहेब त्यावरून चिडवायचे.

काम पायी, आणि मला खोड इकडेतिकडे बघत चालायची. वाहिद सायकलवाल्याच्या दुकानापुढच्या कडुनिंबात एक चाक रुतलेलं होतं. कधीतरी कुणी फांदीला अडकवलं असेल, झाडाने ते गिळून टाकलं. एका घराला फाटक म्हणून बाज उभी केली होती. पाहुणा आला की घरचा म्हातारा तीच आडवी टाकून त्याला बसवायचा. बाजारात तीन दगडी पायऱ्या होत्या, त्या चढलात की समोर सपाट भिंत. दार नाही, खिडकी नाही. मी मुद्दाम चढायचो, भिंतीला रामराम करून उतरायचो. घरी हे सगळं सहा वर्षांच्या जयाला सांगितलं की पोर पोट धरून हसायची.

ऑक्टोबरातली दुपार होती. एका गल्लीत भलंमोठं लाकडी कपाट छपरातून बाहेर काढत होते. आधी कपाट ठेवून मग भोवती घर बांधलं होतं म्हणे, दारातून ते निघेना. छपराचे कवेलू उतरवले होते, माणसं दोर ओढत होती, अर्धा गाव जमला होता. माझं एकच घर राहिलं होतं, नाल्यापलीकडचं तुळसाबाईचं. एकटी बाई, मजुरीला जायची. मी धावतपळत गेलो, भिंतीवर तारीख घातली, आणि आतून आवाज आला.

“भाऊ... आत या ना जरा. भल्ली थंडी वाजून राह्यली मले...”

ऐकलं मी. खोटं कशाला बोलू? काच काढा, सुई काढा, वही भरा, अर्धा तास गेला असता. तोवर कपाट खाली आलं असतं. मी शून्य काढलं आणि पळालो.

पंधरा दिवसांनी गेलो तर दाराला दोरी बांधलेली. शेजारचा, उकंडा नावाचा गडी, बाहेर आला.

“बाई मेली. तुमी येऊन गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी. भिताडावर शून्य हाय म्हनजे ताप नाई, असंन थकवा, असं समजलो आमी. दवाखान्यात नेलंच नाई.” तो भिंतीकडे पाहत राहिला. “मरताना बाई म्हने, हे शून्य ज्याचं हाय त्याच्या घरी नेऊन देईन.”

मी ओल्या फडक्याने शून्य घासलं. चुना निघाला, गेरू निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या पायऱ्या चढलो, तर त्या सपाट भिंतीवर ताजा गेरू. त्याच दिवसाची तारीख, बा, आणि शेंडीचं शून्य. अक्षर माझंच, पण मी लिहिलं नव्हतं. आधी हसूच आलं, गावात टवाळ काही कमी नव्हते. तिसऱ्या दिवशी ते बाजेच्या फाटकावर होतं. चौथ्या दिवशी कडुनिंबाच्या खोडावर, रुतलेल्या चाकाच्या मधोमध. वाहिदचा चेहरा उतरला होता.

“भाऊ, मी इथंच पंक्चर काढून राह्यलो होतो. खरडल्यावानी आवाज आला. वर पायलं तं... कोनी नाई. अन् अक्षर आपोआप उमटून राह्यलं होतं.”

माझं हसू तिथेच मेलं. त्या तिन्ही जागा माझ्या घराच्या वाटेवर होत्या, एकीपेक्षा दुसरी जवळ. मी धावत सुटलो.

माझ्या दाराशेजारचा गेरू अजून ओला होता. आत जया गोधडीखाली कुडकुडत होती, दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा भाजला.

“कांता, पोरीले ताप हाय!”

बायकोने हात ठेवून पाहिला. “गार तं हाय, हवेनं कुडकुडत असंन. तुमी काहून घाबरून राह्यले?”

थर्मामीटर लावलं, पारा हलला नाही. डॉक्टर आले, नाडी पाहिली, ताप नाही म्हणाले आणि मलाच विश्रांती घ्यायला सांगून गेले. मी तिचं बोट टोचलं, काच घेऊन यवतमाळला गेलो, समोर बसून तपासून घेतली. स्वच्छ. गोळ्या चारल्या, त्या तशाच्या तशा उलटून पडल्या. पोर जळत होती आणि तो ताप साऱ्या गावात फक्त माझ्या तळहाताला लागत होता. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नाल्यापलीकडे गेलो. दोरी सोडून तुळसाबाईच्या घरात शिरलो. चुलीत जुनी राख, ओल्या मातीचा आणि आंबट घामाचा वास. कोणी नव्हतं. मी गुडघे टेकले.

“बाई, चुकलं माह्यं. ताप पाहाले आलो... काय करायचं ते मले कर. पोरीले सोड.”

 मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाने खरडल्याचा आवाज आला. सावकाश, गोल. आणि त्याच थंडी भरलेल्या आवाजात कोणी म्हणालं, “टाइम नाई, भाऊ... कपाट पाहाले जायचं हाय.”

घरी पोचलो तेव्हा जया गेली होती. कांता तिला मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती, आपल्या तळहाताकडे पाहत होती.

“आता गरम लागून राह्यली हो...”

पुन्हा आलेल्या डॉक्टरांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

सूर्य कलल्यावर माती द्यायला निघालो. लहान पोराला आमच्यात हातांवर नेतात. बापानेच न्यायचं, पण मला जमलं नाही. मी, वाहिद, उकंडा, आळीपाळीने घेत होतो, कारण दहा पावलांपुढे कुणालाच तिला धरवत नव्हतं. प्राण जाऊन चार तास झाले होते, आणि पोर अजून तापतच चालली होती.