मोजा घातलेली बाटली

"अरे हळू! मासे आहेत ते, बटाटे नव्हेत!"

मावशीचा आवाज चढला तसा लंबूने जाळीचा हात आवरता घेतला. शोभेच्या माशांच्या त्या दुकानात मावशी माशांची देखभाल करायची. सुट्टीत तिची दोन मुलं, लंबू आणि बारकी, दिवसभर तिथेच लुडबुडायची. यंदा त्यांत भाची शंकाची भर पडली होती. 'हे असं का?' विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून घरात तिचं नाव शंकाच पडलं होतं.

सोनेरी माशांच्या अंगावर बुरशी आली होती, कापूस चिकटल्यासारखी. मावशी त्यांना टबात जांभळ्या औषधाची अंघोळ घालत होती. परमँगनेटचे दाणे पाण्यात विरघळवून ती महिन्याचं औषध एकदम करून ठेवायची आणि त्यातलं मापभर टबात ओतायची. आजवर मासे टुणटुणीत व्हायचे. या वेळी मात्र औषध लागूच पडत नव्हतं.

"आज पुन्हा दोन गेले, ताई!" दुकानदारकाका टाकीपाशी येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "औषध नक्की घालता ना? की विसरता?"

"घालते हो, दादा."

"मग रंग असा फिका कसा? पाणी वाढवता की काय? रविवारपर्यंत बघतो. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

ते गेल्यावर मावशी स्टुलावर मटकन बसली. "खरंच विसरत असेन का गं मी?" ती हळूच म्हणाली. "मापं चुकत असतील का माझी? मला काही कळेनासंच झालंय."

शंकाने ते ऐकलं. जी मावशी एकेका माशाला नुसत्या शेपटीवरून ओळखायची, तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता! नोकरी जाण्याहून ते वाईट होतं.

"शोध लावायचा!" शंका दोघांना कोपऱ्यात ओढत म्हणाली. "मावशी चुकत नाही. मग चुकतंय काय?"

"औषधाला बरणीतच कंटाळा येत असेल," लंबू म्हणाला.

"गप रे! बरणी कुठाय?"

बरणी दुकानाच्या दर्शनी खिडकीत होती. सुट्टीची गर्दी यावी म्हणून काकांनी खिडकी सजवली होती. कपाटातल्या तपकिरी बरणीतलं औषध त्यांनी एका सुंदर पारदर्शक काचेच्या बरणीत ओतून तिथे ठेवलं होतं. ऊन पडलं की जांभळा रंग असा झळकायचा की येणारेजाणारे थबकायचे!

"ई! यात चहाचा गाळ कुणी टाकला?" बारकीने नाक बरणीला टेकवलं.

खरंच की! तळाशी तपकिरी गाळ बसला होता. शंकाची नजर बाजूच्या पडद्यावर गेली. एके काळचा लालभडक पडदा उन्हाने पार विटला होता.

"पडदा उन्हानं विटतो," ती म्हणाली, "मग औषध का नाही विटणार?"

"पण काका आपलं ऐकणार थोडेच!" लंबू म्हणाला. "आईची बाजू घेतोय म्हणतील."

"म्हणून तर सगळं त्यांच्याच हातून करून घ्यायचं!"

लगेच तिघं काकांपुढे उभी राहिली. "काका, आमचा सुट्टीतला प्रयोग आहे. मदत कराल?" काका मनाने चांगले. ते लगेच बाह्या सरसावून आले. मावशीने नवे दाणे घालून थोडं औषध तयार केलं. "पातळच कर, म्हणजे फरक लवकर दिसेल," शंकाने सांगितलं. काकांनी ते स्वतः दोन सारख्या बाटल्यांत भरलं, बुचं लावली आणि त्यांवर सही केलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग लंबूने शाळेचा काळा मोजा काढला आणि एका बाटलीला घातला.

"धुतलाय ना?" काकांनी विचारलं.

"जवळजवळ!"

"लांब धर रे बाबा!"

दोन्ही बाटल्या त्याच खिडकीत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मोजा काढून बघायचा नाही, असं ठरलं होतं. बारकी मात्र दिवसातून दहादा बोट पुढे करायची आणि दहादा ओरडा खायची.

रविवार उजाडला. काका पडलेल्या चेहऱ्याने आले. "ताई, उद्यापासून..."

"थांबा, काका!" शंका आडवी आली. "आधी आमचा प्रयोग बघा. ही उघडी बाटली. हिच्यात पाणी कुणी मिसळलं?"

काकांनी बाटली उचलली. रंग कसाबसा गुलाबी उरला होता आणि तळाशी तपकिरी गाळ होता. "अरेच्चा! अगदी त्या बरणीसारखं! कुणी तरी..." ते बोलता बोलता थांबले. चिठ्ठी जशीच्या तशी होती. सही त्यांचीच!

लंबूने मोजा ओढला. आतून लख्ख जांभळा रंग बाहेर आला.

"पाणी तेच, दाणे तेच, खिडकी तीच," शंका म्हणाली. "फरक फक्त उजेडाचा. मोबाईलवर वाचलं आम्ही. उजेडानं परमँगनेट मोडतं. त्याचा तपकिरी गाळ होतो आणि ऑक्सिजन उडून जातो. मावशी माप बरोबरच घालत होती, पण मापात औषधच उरलं नव्हतं!"

काकांनी बाटली खाली ठेवली. मग बरणीकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझ्या हौसेपायी मासे गेले. आणि बोल लावला तुम्हाला. ताई, माफ करा मला. उद्यापासून काय, कधीच कुठे जायचं नाही तुम्ही!" ते मुलांकडे वळले. "शाबास रे पोरांनो! माझे डोळे उघडलेत तुम्ही!"

मावशीने ताजं औषध केलं आणि तपकिरी बरणीत भरून कपाटात ठेवलं. पुढच्या आठवड्यात बुरशी उतरली, आणि खाणं टाकताच मासे पुन्हा धक्काबुक्की करू लागले.

त्या दिवशी मावशी माप घेऊन टबाशी उभी होती. शंकाने सवयीने विचारलं, "मावशी, बरोबर मोजलंस ना गं?"

मावशीने तिला जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता.

"मी चुकेन होय?" ती म्हणाली.