टिनकपची पातळी

किराणा दुकानदार तेलाचं भांडं आधी रिकामं तोलतो, मग भरलेलं तोलतो आणि वजाबाकी करतो. डोंगरावरचं बर्फ मोजायची रीतही हीच. उन्हाळ्यात उघडा डोंगर मोजायचा, हिवाळ्यात बर्फासकट मोजायचा. फरक एवढाच, की दुकानदाराला विमान लागत नाही.

लोर्ना एचेव्हेरी हे काम अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावर, अल्ड्रिज गावच्या धावपट्टीवरून करायची. विमान ड्वेन चालवायचा. विमानाच्या पोटाला एक भोक होतं, भोकात लेझर. तो खाली प्रकाशाचे ठिपके शिंपडत जायचा, आणि ठिपका परत यायला किती वेळ लागला यावरून खालची उंची कळायची. फेरी संपली की ड्वेन धावपट्टीवरून एक घिरटी घ्यायचा. धावपट्टीवर बर्फ राहू देत नसत, त्यामुळे तिथली वजाबाकी शून्य यायला हवी. शून्य आलं म्हणजे यंत्र खरं बोलतंय. लोर्नाचा या शून्यावर फार जीव होता. दोन नवऱ्यांकडून इतकं भरवशाचं काही मिळालं नाही, असं ती म्हणायची.

तिच्या आकड्याची वाट बघत गावाच्या वर, धरणावर, ऑर्विल बसलेला असायचा. तिशीपासून त्याने तेच दरवाजे सांभाळले होते, आता सत्तरीला टेकला होता. त्या वर्षी धरण काठोकाठ होतं. बर्फ फार असेल तर आत्ताच पाणी सोडून जागा करायला हवी, नाहीतर वितळल्यावर अल्ड्रिज वाहून जाणार. बर्फ बेताचं असेल आणि पाणी सोडून बसलो, तर ते खालच्या खाऱ्या मैदानात जाऊन मरणार आणि ऑगस्टमध्ये खोऱ्यातली गुरं चिखल चाटणार. दोन्हीकडून शिव्या ऑर्विललाच, आणि त्याला आकडा देणार लोर्ना.

फेब्रुवारीतल्या फेरीत टिनकपमध्ये गडबड दिसली. टिनकप हा शिखरांच्या कुशीतला एक खोलगट भाग, पत्र्याच्या पेल्यासारखा. त्याच्या तळाशी बर्फ सपाट होतं. बर्फ कधीच सपाट नसतं. वारा त्याला एकीकडून खरवडतो, दुसरीकडे रचतो. इथे मात्र पृष्ठभाग इस्त्री केल्यासारखा, आणि कडा सगळीकडे एकाच उंचीवर डोंगराला टेकलेली.

त्याच ठिकाणचा फोटो तिने शेजारी उघडला. फोटोत साधा उतार. वर आलेले खडक, बुटके पाइन, वाऱ्याने पाडलेल्या बर्फाच्या घड्या. लेझरच्या मते ते खडक त्या सपाटीच्या खाली, कितीतरी खोल बुडालेले होते.

"लेझर ढगाला लागून परत आला असेल," ड्वेन म्हणाला.

"ढग होता?"

"नव्हता. पण तुला काहीतरी सांगायला हवं ना."

मार्चमध्ये सपाटी चढली होती. तळाचे पाइन संपून ती कड्यांना भिडली होती. बाकी सगळा डोंगर ठीक होता, धावपट्टी शून्य होती. लोर्नाने खुर्ची मागे घेतली आणि कॉफी गार होईपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. इतकं देखणं तिने काही पाहिलं नव्हतं. शिखरांच्या मधोमध एक प्रचंड, स्थिर पातळी, सुरकुती नाही, लाट नाही. चर्चमध्ये ती आईच्या धाकानेच गेली होती, पण आपण बसलोय तसं बसू नये, उभं राहावं, असं तिला वाटलं. ती खरोखरच उभी राहिली. मग कुणी बघितलं नाही ना, याची खात्री करून बसली.

विमान खोली सांगतं, वजन सांगत नाही. त्यासाठी त्यांच्यातला तिसरा, गिफर्ड, स्कीवरून जायचा, पोकळ नळी बर्फात खुपसायचा आणि नळी तोलायचा. या खेपेला तिने त्याला टिनकपमध्ये पाठवलं. तो परत आला तेव्हा नाक सोललेलं होतं आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक.

"बर्फ साधंच आहे. कंबरभर. कोरडं," तो म्हणाला.

"मग तुझं तोंड असं का?"

"झाडं बघितलीस का कधी वरची? खोडावर पिवळं दगडफूल असतं. बर्फात बुडतो तेवढाच भाग कोरा राहतो." त्याने मोजे शेगडीवर टाकले. "तिथे अख्खी झाडं कोरी आहेत, शेंड्यापर्यंत. आणि वर कड्यावर, जिथून दगडफूल सुरू होतं ना, ती रेघ अख्ख्या पेल्यात सरळ फिरते. न्हाणीच्या टाकीला राहते तशी."

"अजून?"

"नको."

"गिफर्ड."

"जेवत होतो. वरती बदक होतं. मी त्याला खालून बघितलं." तो मोज्यांशी बोलल्यासारखा बोलत होता. "पंख मिटलेले होते, लोर्ना. पाय मारत चाललं होतं."

ड्वेन हसला नाही. एरवी गिफर्डने बूट घातले तरी तो हसायचा.

त्या दुपारी ऑर्विलचा फोन आला. "पोरी, आकडा दे. उद्या दरवाज्यांचं ठरवायचंय."

आकडे दोन होते. टिनकप धरला, तर उरलेल्या सगळ्या डोंगराहून जास्त पाणी एकट्या त्या पेल्यात उभं होतं. दरवाजे आजच सताड उघडावे लागले असते. टिनकप वगळला, तर वर्ष बेताचं, धरण तसंच भरलेलं ठेवायला हवं. खोटे ठिपके या धंद्यात रोजचेच. पक्षी, धुकं, विजेच्या तारा. त्यांच्याभोवती एक चौकट आखायची आणि पुसायचं. लोर्नाने असे हजारो पुसले होते. गिफर्डच्या नळीने कंबरभर बर्फ सांगितलं होतं. नळीला बदकं दिसत नाहीत.

तिने टिनकपभोवती चौकट आखली आणि पुसलं. इतकी सुंदर गोष्ट एका बोटाने गेली.

"वर्ष बेताचं आहे, ऑर्विल. पाणी धरून ठेवा."

"नक्की? कायतरी गाळलंयस वाटतं. आवाजावरनं कळतं मला."

"एक जागा. यंत्राचा घोळ होता, पुसून टाकला."

ऑर्विल फोनवर खोकल्यासारखं हसला. "यंत्राचा असेल तर ठीक. पाण्याचा असेल तर बघ बाई. पाणी पुसलं जात नाही. इथनं काढलं की तिथं जातं. चाळीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

एप्रिलची फेरी निरभ्र सकाळी झाली. वारा पडलेला होता, खालच्या माळावरून ओल्या सेजब्रशच्या झुडपांचा वास धावपट्टीपर्यंत येत होता. विमानात बसल्या बसल्या लोर्नाने पडद्यावर पहिल्यांदा टिनकपच काढला. तिथे सपाटी नव्हती. उतार, घड्या, खडक. कंबरभर बर्फ.

"गेलं," ती म्हणाली.

"रुसलं असेल," ड्वेन म्हणाला. "तू पुसलंस ना."

तिला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही.

धावपट्टीवरची घिरटी झाली आणि ते उतरू लागले. गावाची छपरं, शाळेची पिवळी बस, विमान ठेवायचं हँगर. जमीन अजून बरीच खाली होती, तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. बंद पडला नाही. नुसता जाड झाला, दूर गेला, टबात डोकं बुडवल्यावर नळाचा आवाज जातो तसा.

ड्वेनने घड्याळांवरून नजर फिरवली. सगळे काटे जागच्या जागी होते.

"कानांना दडे बसले," तो म्हणाला.

"माझ्याही."

चाकं अलगद टेकली. ड्वेन इतका अलगद कधीच उतरवत नसे.

हँगरमध्ये गिफर्ड सँडविच खात बसला होता. लोर्नाने उभ्या उभ्याच धावपट्टीची वजाबाकी लावली.

शून्य आलं नाही.

तिने पुन्हा लावली. मग धावपट्टीच्या बाहेरचा भाग घेतला, मग शाळा, मग अख्खं गाव. सगळीकडे एकच उंची. इस्त्री केल्यासारखी पातळी, हँगरच्या छपराच्या बरीच वर.

तिने फोन लावला.

"ऑर्विल, धरणाची पातळी काय आहे?"

"होती तेवढीच. थेंब सोडला नाही, तूच सांगितलंस." तो थांबला. "पोरी, तुझा आवाज असा काय येतोय?"

"कसा?"

"तोंडात पाणी धरल्यासारखा."

गिफर्डने सँडविच खाली ठेवलं होतं आणि तो उघड्या दाराबाहेर, वर बघत होता. ती आणि ड्वेन त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

स्वच्छ निळ्या आभाळात एक बदक चाललं होतं. पंख मिटलेले. खालून त्याचे नारिंगी पाय दिसत होते, आळीपाळीने, निवांत मागे सारले जाणारे. त्याच्यामागे त्या निळ्यात एक बारीक रेघ दुभंगत, रुंदावत त्यांच्याकडे येत होती.

रेघ हँगरच्या वरून गेली.

मग दाराला टांगलेली साखळी, वारा नसताना, हळूच हलली.