दादाने पाठवलेला प्लॅन

लाइट यायला अजून वेळ आहे, आणि तुम्हाला मोबाइल खाली ठेवा म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. राहू दे हातात. मी मोबाइलचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, बारक्याची आहे. बारक्या आणि त्याचा दादा, दोघंही माझ्या हाताखाली जमीन मोजायला शिकले. मी मोजणीची साखळी ओढण्यात आयुष्य काढलं, या पोरांनी ड्रोन घेतला. आम्ही आठवडाभर काट्याकुट्यातून फिरून जे मोजायचो, ते यांचं यंत्र चहा निवायच्या आत मोजून परत यायचं. मी आपलं नाक मुरडायचो. दुसरं काय करणार?

तर गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या. बारक्या संध्याकाळी व्हॅन घेऊन निघाला. काम साधंच होतं. पंधरा किलोमीटरवर दगडाची खाण आहे, तिचं राहिलेलं मोजमाप पुरं करायचं. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून रात्री तिथेच व्हॅनमध्ये झोपायचं आणि उजाडताच उडवायचं. निघताना वहिनीने डबा दिला आणि दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, जाताच आहात तर एकदा नीट बघून या."

काय बघायचं, ते दोघांनाही ठाऊक होतं. दादा त्याच खाणीत ऑक्टोबरात नाहीसा झाला होता. पोलीस येऊन गेले, कुत्री येऊन गेली, खाणीवरचे कामगार चार दिवस हाका मारत फिरले. काही मिळालं नाही. वहिनीला कोणी विचारलं, "मालक काय करतात?" तर तिला आहेत म्हणता येईना, नाहीत म्हणता येईना. आणि आता सोमवारपासून खाणवाले मागच्या बाजूला सुरुंग लावणार होते. डोंगराची ती कूसच उडवायची होती. एकदा ती खाली आली की दादा तिथे असला काय नि नसला काय, कोणाला कधी कळणार नव्हतं.

बारक्या या तीन महिन्यांत रडला नाही. वेळेवर उठायचा, जेवायचा, कामावर जायचा. लोक म्हणायचे, पोरगा खंबीर आहे. कसला खंबीर! हात फार वेळ अंगाखाली राहिला की दुसऱ्याचा वाटायला लागतो ना, तसा अख्खा माणूस झाला होता. मी एकदा पाठीवर हात ठेवला तर "काका, बसा ना," म्हणाला, जसा मी बिल द्यायला आलोय.

का, ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो.

या दोघांची कामाची एक रीत होती. ड्रोन कुठून कुठे जाणार, किती उंचीवरून, कुठे फोटो काढणार, हा सगळा प्लॅन दादा आपल्या मोबाइलवर आखायचा. खाणीत नेटवर्क नाही, म्हणून तो शेजारी उभा राहूनच बारक्याच्या टॅबलेटवर पाठवायचा. तसं पाठवायला नेटवर्क लागत नाही, पण दोन्ही यंत्रं जवळ लागतात. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरात. टॅबलेटवर यायचं, 'दादा तुम्हाला प्लॅन पाठवत आहे. घ्यायचा?' खाली दोन बटणं, हो आणि नको. मग दादा विचारायचा, "घेतला?" बारक्या म्हणायचा, "घेतला." एवढं झालं की दादा त्या पट्ट्यात खुणा करायला एकटा चालत जायचा. म्हणजे प्लॅन टॅबलेटवर असला की दादा कुठे गेलाय तेही टॅबलेटवर असायचं. कळलं? प्लॅन म्हणजेच पत्ता.

त्या ऑक्टोबरातल्या दुपारी बारक्या व्हॅनमध्ये बसून टॅबलेटवर आदल्या दिवशीची मॅच बघत होता. घरून भरून आणलेली. शेवटची ओव्हर. नेमकी धावफलकावर ती चौकट आली. त्याने नको दाबलं. बाहेरून दादाने विचारलं, "घेतला?"

"घेतला," बारक्या म्हणाला.

झालं. दादा गेला तो गेलाच. पोलिसांनी विचारलं, कुठल्या बाजूला गेला? बारक्याने टॅबलेट उघडून दाखवला. त्यात होता आदल्या दिवशीचा पट्टा. चार दिवस सगळे तिथेच शोधत बसले. आणि हा गप्प. पहिल्या दिवशी बोलायची हिंमत झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशी का बोलला नाहीस, याला उत्तर नव्हतं. आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीत काय होतं ते त्यालाच माहीत.

पाणी दे रे जरा.

हं. तर शनिवारची रात्र. व्हॅन खाणीच्या तोंडाशी लावली. डबा खाल्ला. सकाळचा प्लॅन स्वतःच आखला, खाणवाल्यांनी सांगितला तेवढा. मागच्या कुशीकडे दिवसभर बघून काही दिसलं नसतं, सगळी झुडपं आणि भेगा. टॅबलेट उशाशी ठेवला, चादर ओढली. वारा नाही. रातकिडेही नाहीत, थंडी तेवढी होती. एक वाजून गेला असेल.

टॅबलेट वाजला.

बारक्याने डोळे उघडले. व्हॅनच्या छतावर उजेड पडला होता. त्याला वाटलं चार्जिंग संपलं. त्याने टॅबलेट उचलला.

'दादा तुम्हाला प्लॅन पाठवत आहे. घ्यायचा?'

तो नुसता बघत राहिला. भीती नाही, काही नाही. मला म्हणाला, "काका, मी ते तीनदा वाचलं. पत्रिका वाचावी तसं." चौकट थोडा वेळ राहिली आणि आपोआप गेली. अंधार.

मग त्याच्या डोक्यात एक एक गोष्ट शिरायला लागली. इथे नेटवर्क नाही... पाठवणारं यंत्र जवळ लागतं... हाकेच्या अंतरात.

त्याने दार सरकवलं. बॅटरी मारली.

"दादा?"

दगड. व्हॅनचं चाक. पलीकडे खडीचा ढीग.

"दादा, तू आहेस का रे?"

...

खडी वाजली नाही. काहीच वाजलं नाही. तो व्हॅनला पाठ लावून उभा राहिला. पाय गार पडले होते, चपला आत होत्या. हातात टॅबलेट होता.

तो परत उजळला.

'दादा तुम्हाला प्लॅन पाठवत आहे.'

त्याचं बोट 'नको'वर गेलं. सवयीने. तिथेच थांबलं.

"दादा..." तो म्हणाला. "त्या दिवशी मी घेतला नव्हता."

...

"मी खोटं बोललो."

...

चौकट तशीच. या वेळी ती जात नव्हती. जायला हवी होती, पण जात नव्हती. उजेड त्याच्या तोंडावर. समोर अंधार. अंधारात कोणीतरी थांबलंय... घाई नाही. राग नाही. नुसतं थांबलंय.

त्याने हो दाबलं.

प्लॅन आला.

"घेतला," बारक्या म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

मग खडी वाजली. एक पाऊल. दुसरं. त्याच्यापासून लांब. खाणीकडे नाही... रस्त्याकडे. सावकाश, दमलेला माणूस घरी निघतो तसं. बॅटरी फिरवायचा धीर त्याला झाला नाही. आवाज डांबरावर गेला आणि थांबला.

आणि यानंतर पठ्ठ्याने काय केलं असेल? झोपला. हसू नका. मेल्यासारखा झोपला, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

उजाडल्यावर त्याने तो प्लॅन उघडला. लहानसा चौकोन, मागच्या कुशीवर. तारीख ऑक्टोबरातली, दुपारची. त्याने ड्रोन सोडला. झुडपांच्या मधोमध एक भेग, माणूस आडवा जाईल एवढी, आणि तळाशी पिवळं काहीतरी. दादाचं जाकीट पिवळं होतं.

पुढचं फार सांगत नाही. दोर लावून काढलं. वहिनीने जाकीट ओळखलं आणि सही केली. पोलीस म्हणाला, पडला त्याच क्षणी गेला असणार, लवकर सापडून उपयोग नव्हता. खरं की बारक्याला बरं वाटावं म्हणून, देव जाणे. मोबाइल खिशातच होता. चुरा झालेला, आत पावसाचं पाणी. तो सुरू करणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं.

सगळं उरकल्यावर एका संध्याकाळी बारक्या वहिनीसमोर बसला. मीही होतो, त्याने मुद्दाम बोलावलं होतं. त्याने सगळं सांगितलं. मॅच, नको, खोटं, व्हॅन, हो. मान खाली घालून, एका सुरात, दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं. वहिनी ऐकत होती. मला वाटलं, आता हिचा तोल जाणार. जायलाच हवा होता, मी तिच्या जागी असतो तर टॅबलेट त्याच्या डोक्यात घातला असता.

ती म्हणाली, "त्या शनिवारच्या रात्री माझ्याही मोबाइलवर आलं होतं काहीतरी."

"काय?"

"काय कोण जाणे. पहाटे, पाच वाजायच्या आधी. डोळ्यावर उजेड आला. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी पाठवलंत. झोपेतच हो दाबलं."

"वहिनी, मी पंधरा किलोमीटरवर होतो. इतक्या लांबून येत नाही ते."

ती उठली आणि मोबाइल घेऊन आली. तिच्याकडे ते ड्रोनचं अॅप नव्हतं, त्यामुळे फाइल तशीच पडून होती, उघडत नव्हती. पाठवणारा 'दादा'. वेळ पाच वाजायच्या जरा आधीची. आणि मी साखळीवाला, माझं डोकं आपोआप चालतं. एक वाजता खाणीतून निघालेला माणूस, पायी, दमलेला... तेवढाच वेळ लागतो.

बारक्याने ती फाइल टॅबलेटवर घेतली. उघडली.

प्लॅनमध्ये एकच बिंदू. आम्ही बसलो होतो त्याच घरावर. छपराच्या उजव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याखाली वहिनीची झोपायची खोली आहे.

"उंची किती?" मी विचारलं.

बारक्याने टॅबलेट माझ्याकडे केला. त्याला वाचवेना.

अर्धा मीटर.

अर्ध्या मीटरवर ड्रोन काय उडणार? मी खोलीत गेलो. कपाटातली टेप घेतली आणि जमिनीपासून वहिनीच्या खाटेच्या कडेपर्यंत लावली. तीनदा लावली, तिन्ही वेळा तेवढंच. मग टेप गुंडाळली.

वहिनी दारात उभी होती. तिने आकडा विचारला नाही. खाटेच्या त्या कडेकडे बघत होती, जिथे माणूस टेकतो.

"मी डोळेसुद्धा उघडले नाहीत, काका," ती म्हणाली. "हो दाबलं आणि भिंतीकडे वळून झोपले."