डोंगरावरचा ठिपका

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटत नाही त्याने खुशाल पान उलटावं. जिच्यासोबत घडली ती माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

मंगळवार. दुपारचे साडेतीन. छापखान्याची मागची खोली.

तिचं काम जुन्या फोटोंतली धूळ कॉम्प्युटरवर पुसायचं. समोर तिच्याच काकांचं पुस्तक होतं. एकच डोंगर, चाळीस फोटो. काकांनी तीस वर्षं आपल्या गॅलरीतून फक्त तो डोंगर टिपला. गेल्या वर्षी त्याच्यावर चढले, ते उतरलेच नाहीत. काहीच सापडलं नाही.

"अगं, रोज चारला जिन्यात बूट वाजतात," काकू सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या. "काल सहाव्या पायरीपर्यंत आले."

"शेजारचं कुणी असेल, काकू."

"तीस वर्षं ऐकलेत ते बूट. मला शिकवू नकोस."

इकडे मालक डोक्यावर. "डोंगर कसा लख्ख हवा! ठिपका दिसला तर बघ!" जिना सोडून आयुष्यात काही न चढलेला माणूस!

पहिला फोटो. शिखराशी बारीक ठिपका... पुसला.

दुसरा. ठिपका जरा खाली... पुसला.

धूळच ती. हात चालत राहिला.

एकोणचाळिसाव्यात ठिपका पार पायथ्याशी आला होता...

तोही पुसला.

चाळिसावा तिने मोठा केला.

ठिपक्याला पाय होते.

खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी. डावा खांदा झुकलेला... काकांचा झुकायचा, तस्साच.

आणि सवयीने बोट दाबलं गेलं.

डोंगर लख्ख.

मूळ फाइलवरच सेव्ह करायची तिची घाणेरडी खोड. तिने धावत जाऊन काकांच्या फिल्म काढल्या, उजेडाला धरल्या. एक, दोन, चाळीसच्या चाळीस...

डोंगर तेवढा होता. कुठेच कुणी नव्हतं.

सव्वाचारला फोन वाजला. पलीकडे काकू.

"आज बूट वाजले नाहीत गं."

तिने काकूंना अजून खरं सांगितलेलं नाही. पुस्तक निघालं. डोंगर किती स्वच्छ, म्हणून लोक वाहवा करतात. करोत!

परवा ती कुणाच्या तरी लग्नाचे फोटो साफ करत होती. मंडपामागे, लांब, एक ठिपका...

तिने पुसला नाही.

काल त्याच फोटोत तो मंडपाच्या दाराशी होता. खांदा झुकलेला.

आणि तोंड काकूंच्या घराकडे नव्हतं. तिच्याकडे होतं.