उरलेली बोटं

पंखा बंद करा पोरांनो, ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. आणि थापा वाटल्या तर वरच्या मजल्यावर जाऊन विचारा. तो फिजिओथेरपिस्ट अजून तिथंच राहतो. मीसुद्धा त्याला फारसं खोदून विचारलं नव्हतं. चार-पाचदाच.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेदहाला, जेवण आटोपून, तो आपल्या दवाखान्यात गेला. काम साधं. सकाळी एका पेशंटच्या घरी उभा आरसा न्यायचा होता, तो आणायचा.

हा आरसा पाय कापलेल्या माणसांसाठी. पाय नसतो, पण दुखतो. रात्ररात्र दुखतो. मग मांड्यांच्या मधोमध आरसा उभा करतात. चांगला पाय त्यात दिसला की मनाला वाटतं, गेलेला परत आला. याची बोटं उघडली की त्याचीही उघडतात. कळ उतरते.

त्या रात्रीच्या महिनाभर आधीपर्यंत दवाखान्यात एक ड्रायव्हरकाका यायचे. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. "डॉक्टर, पाय गेला तो गेला, भांडण मागे ठेवून गेला," म्हणून हसायचे. त्या नसलेल्या पायाची बोटं मुठीसारखी आवळून राहायची. एका शनिवारी आपल्या या डॉक्टरला घाई होती, मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं. काका कळवळले, "थांबा हो, अर्धीच उघडलीयत..."

"उरलेली सोमवारी," म्हणत यानं आरसा उचलला.

रविवारी काका गेले. झोपेतच.

त्यांची बायको मुद्दाम दवाखान्यात आली, याचे हात धरून म्हणाली, "फार केलंत हो त्यांचं."  त्या अर्ध्या बोटांचं यानं तिला सांगितलं नाही, घरीही कुणाला नाही. 

तर त्या रात्री त्यानं दिवा लावला. आरसा नेहमी कपाटाला टेकून असायचा. आज तो कॉटवर होता. मधोमध. उभा.

कुणीतरी विसरलं असेल. तो उचलायला गेला.

हलेना.

"थांबा हो..."

त्यानं वळून पाहिलं. कुणी नाही.

पळावंसं वाटलं. पण मागच्या वेळी तो तेच तर करून गेला होता. तो कॉटवर बसला. डावा पाय बाहेर लोंबता सोडला. उजवा आरशासमोर लांब केला.

आरशातली बोटं आवळलेली होती. अर्धी. त्याची स्वतःची तर सरळ...

"काका," तो कसाबसा म्हणाला, "आज घाई नाही."

त्यानं आपली बोटं मिटली. उघडली. मिटली... उघडली... आरशातली ऐकेनात. खिशात फोन वाजला, घरचाच. वाजू दिला.

मग करंगळी हलली.

मग तिच्या शेजारचं.

मग...

शेवटी अंगठा सुटला, तेव्हा खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडला. याचा नव्हे. यानं तर धरून ठेवला होता.

आरसा आता अलगद उचलला गेला. त्याच्यामागे, जिथं कुणाचाच पाय नव्हता, तिथं गादीवर टाचेचा खळगा पडला होता. त्यानं त्यात हात ठेवला.

ऊब होती.