गुलाबी खडूचं वर्तुळ

"अहो! अहो, निळा शर्ट! थांबा आधी!"

नगरपालिकेत तिचा हुद्दा भारदस्त होता, श्वान-स्वच्छता निरीक्षक. काम मात्र एवढंच, की सकाळी बागेत फिरायचं, कुत्र्यांनी मागे ठेवलेला प्रसाद शोधायचा आणि त्याभोवती गुलाबी खडूने वर्तुळ काढायचं. म्हणजे मालकाला लाज वाटते, म्हणे! बागेत सगळे तिला खडूताई म्हणत.

निळा शर्ट थांबला. त्याच्या हातात साखळी, साखळीला एक गोल गरगरीत कुत्रा आणि मागे गवतात ताजा ताजा पुरावा.

"पळ काढत होतात ना?"

"पिशवी आणायला निघालो होतो. त्या तिथल्या पेटीत असतात म्हणे." तो शांतपणे म्हणाला. "पण पेटी रिकामी आहे. ती भरायचं काम कुणाचं असतं हो?"

तिचंच होतं. काल संध्याकाळी भरायची, ती साफ विसरली होती. तिचे कान तापले. तिने मुकाट्याने खांद्यावरच्या झोळीतून पिशवी काढून दिली. पहिल्या भेटीत लोक फुलं देतात... हिने हे दिलं!

तो कुंभारकाम शिकवायचा. कुत्रा होता त्याच्या आत्याचा, नाव भोपळ्या. आत्याचा गुडघा नुकताच बदललेला, म्हणून फिरवायची जबाबदारी भाच्याच्या गळ्यात पडली होती. तो रोज येऊ लागला. त्याच्या नखांत कायम माती असायची आणि हसताना डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचा तिला रागही आला.

"आज किती, निरीक्षक?" तो विचारायचा. सगळी बाग तिला ताई म्हणे, हा पठ्ठ्या मात्र तेवढा एक शब्द गिळायचा.

"सतरा. दहाच्या खाली आले नाहीत तर महिनाअखेर इथे 'कुत्र्यांना मनाई' असा फलक लागेल. तोही मलाच ठोकावा लागेल."

"मग आमचं कसं व्हायचं? भोपळ्याचं आणि... माझं?"

 दुसऱ्या दिवसापासून दोघांनी कंबर कसली. तो येईल-जाईल त्याला पिशव्या वाटायचा, ती मागून ठणकवायची, "ज्याचं त्यानं न्यावं!" सतराचे बारा झाले, बाराचे आठ. शेवटच्या दिवशी फक्त चार! बाग वाचली. बाकांवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, भोपळ्याने कारण नसताना भुंकून घेतलं.

आणि त्याच दुपारी साहेबांनी तिला शाबासकी देऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बागेवर पाठवलं. तिथे बत्तीस होते.

"उद्यापासून मी इथे नाही," ती त्याला म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं! साखळीशी चाळा करत राहिला मेला. तिला रडूच आलं. फलक लागला असता तरी भेट तुटली असती, नाही लागला तरी तुटली. हे बरं होतं!

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कचेरीत तक्रार आली की जुन्या बागेत, तिसऱ्या बाकाखाली घाण आहे. तिच्या जागी अजून कुणी नेमलं नव्हतं, म्हणून साहेबांनी तिलाच धाडलं आणि ती तणतणत आली. महिनाभर घसा कोरडा केला तो यासाठी? बाकाखाली खरंच होतं, चांगलं ऐसपैस. तिने वर्तुळ काढलं, हातात पिशवी चढवली, वाकली, उचललं...

टक्क! बाकाच्या पायावर आपटून ते वाजलं.

गार होतं. टणक होतं. भाजलेली माती, वर तपकिरी चकाकी! कपाच्या बुडाला कुंभार खूण करतात तशी खाली अक्षरं कोरलेली होती, "तुम्ही नसलात की बाग नुसतीच स्वच्छ असते."

झुडपामागून भोपळ्याचं शेपूट दिसलं. मग निळा शर्ट.

"खोटी तक्रार? सरकारी खात्यात?"

"आत्यानं केली. गुडघा नवा असला तरी डोकं तेच आहे तिचं." तो लाल झाला होता. "त्या दिवशी बोलायला हवं होतं. तोंडच उघडेना. मला हातांनीच जमतं काय ते."

"आणि हातांनी हे केलंत? फुलदाणी नाही सुचली?"

"फुलदाणीसाठी तुम्ही आला असता?"

ती हसली. मनापासून, पोट धरून हसली. मग खडू घेतला आणि खाली बसून त्याच्या मातकट चपलांभोवती एक मोठं गुलाबी वर्तुळ काढलं.

"अहो, मला त्या रांगेत बसवता?"

"नियम आहे. वर्तुळ काढलं की..." तिने खडू झोळीत टाकला. "...ज्याचं त्यानं न्यावं."

"आणि मी कुणाचा?"

तिने त्याचा हात धरला आणि त्याला वर्तुळाबाहेर ओढलं.

"माझा. चला, बत्तीस वर्तुळं वाट बघतायत."