तळ दिसणारा ओढा

"बरण्या घेऊन येता आणि अख्खा ओढा रिकामा करून जाता! आता बंद म्हणजे बंद!"

एवढं बोलून बागेच्या अधीक्षकांनी 'ओढ्यात उतरण्यास मनाई' अशी पाटी खांबावर ठोकायला घेतली. ठाक! ठाक! प्रत्येक ठोक्यासरशी ठिणगीचा पारा चढत होता. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण स्वभाव बघून घरच्यांनी ठेवलेलं हेच नाव सगळीकडे चालायचं.

"आम्ही एकही किडा घरी नेलेला नाही!" ती ओरडली. "पांढऱ्या ताटलीत ठेवतो, भिंगातून बघतो आणि होता तिथे सोडतो!"

"मग गेले कुठे? मासोळ्या नाहीत, चतुर नाहीत. बागेत येणारे लोक मला जाब विचारतात!"

"पाण्यात काहीतरी बिघाड झाला असेल," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. दर सुट्टीत ओढ्यावर पाण्यातले किडे ओळखायला शिकवणारा हा वर्ग त्याच घ्यायच्या, फुकट आणि हौसेनं.

"बिघाड? अहो, तळातला खडान् खडा दिसतोय! याहून स्वच्छ पाणी कुठलं? उद्याच मुख्याध्यापकांकडे तक्रार करतो. हा तुमचा वर्ग कायमचा बंद!"

मुलांना न्यायला आलेले पालक उभे होते. त्या सगळ्यांसमोर बाई ताटल्या गोळा करू लागल्या. ते पाहून ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते, संताप होता नुसता!

"चोर म्हणे! आम्ही!" घरी जाताना ती धुमसत होती.

"ओरडून काय होणार? पुरावा पाहिजे," तिचा मावसभाऊ दुर्बीण म्हणाला. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं.

"आणायचा कुठून?"

"बागेच्या बाहेरून. ओढा काय बागेत जन्मलाय?"

ठिणगी थबकली. खरंच की! पाटी बागेतल्या ओढ्याला होती. भिंतीपलीकडे ओढा मोकळाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं निघाली. तिघं, कारण ठिणगीची धाकटी बहीण शेपूट हिला घरी ठेवणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. पोहण्याच्या तलावाची इमारत मागे टाकून ती पार वरच्या अंगाला गेली. ठिणगीनं पाण्यातला पहिला दगड उलटा केला आणि किंचाळली, "अगं बाई! हे बघा!"

दगडाखाली तीन शेपट्यांच्या अळ्या वळवळत होत्या. वाळूच्या कणांचं घरटं अंगावर वागवणारी एक अळी होती, चतुराचं पिल्लूसुद्धा होतं. आणि हे सगळे नाजूक जीव. पाणी जरा बिघडलं की आधी मरतात तेच, असं बाईंनी सांगितलेलं.

"आता एकेक दगड बघत खाली यायचं," दुर्बीण म्हणाला. "कुठे संपतात ते कळेल."

अळ्या होत्या, होत्या, होत्या... आणि तलावाच्या मागच्या भिंतीपाशी एकदम गायब! तिथे भिंतीतून एक जाडजूड पाइप ओढ्यात उघडत होता. पावसाचं पाणी वाहून नेणारा. पण तो होता ठणठणीत कोरडा.

"हात्तिच्या!" ठिणगीचा चेहरा पडला.

इतक्यात पाइप गुरगुरला आणि धो धो पाणी आलं! काचेसारखं नितळ पाणी. आभाळात तर ढगाचा ठिपकाही नव्हता!

"शी! पोहताना नाकात पाणी गेलं की येतो ना, तो वास!" शेपटीनं नाक दाबलं.

ठिणगीनं आणि दुर्बिणीनं चमकून एकमेकांकडे पाहिलं. जंतू मारायला तलावात क्लोरीन घालतात. आणि क्लोरीनला जंतू कोणते आणि अळ्या कोणत्या, हे थोडंच कळतं?

"बरणी दे!" पाइपाच्या तोंडाशी बरणी गच्च भरून, झाकण लावून ठिणगी पळत सुटली.

तलाव साफसफाईसाठी बंद होता, पण शेजारच्या ऑफिसात तलावाचे व्यवस्थापक आणि बागेचे अधीक्षक कॉफी पीत बसले होते. दोघांची दोस्ती जुनी.

"काका, हे पाणी पोहायला चांगलं आहे का, सांगाल?" ठिणगीनं इतक्या गोड आवाजात विचारलं, की दुर्बिणीला हसू आवरेना.

व्यवस्थापक खुलले. तपासणीची कागदी पट्टी त्यांनी पाण्यात बुडवली, तिचे बदललेले रंग भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिले आणि मांडीवर थाप मारली. "उत्तम! क्लोरीन अगदी मापात! अरे लबाडांनो, हे तर माझ्याच तलावाचं पाणी! हजारात ओळखीन मी!"

"नक्की?"

"अधीक्षकसाहेबांसमोर सांगतो. नक्की!"

"तलावाला आज कुलूप आहे आणि किल्ली तुमच्याकडे," ठिणगी म्हणाली. तिचा गोड आवाज आता पार गेला होता. "मग आम्ही हे भरलं कुठून? ओढ्यात उघडणाऱ्या पाइपातून! चला, अजून वाहतंय!"

व्यवस्थापकांचा कप हातातच राहिला. अधीक्षक तडक उठले. पाइप त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पाणी नाकानं हुंगलं आणि ते मित्राकडे वळले. "हे काय आहे?"

"ते... सांडपाण्याच्या लाइनची पाणी सोडायची चावी गंजलीये. फिरता फिरत नाही. म्हटलं, तोवर इकडे सोडू. चांगलं स्वच्छ तर पाणी आहे!"

"स्वच्छ?" ठिणगी कडाडली. "आमच्या बाईंनी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, ओढ्यातले जीव मेले, का तर तुम्हाला चावीला तेल घालायचा कंटाळा!"

मग अधीक्षक म्हणाले, "शाबास पोरांनो! तुमच्या बाईंनी छान तयार केलंय तुम्हाला."

"हे त्यांना सांगा. सगळ्यांसमोर ओरडलात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा!"

आणि त्यांनी सांगितलं! संध्याकाळी ओढ्याकाठी पालक होते, मुख्याध्यापकही होते. अधीक्षकांनी हात जोडून बाईंची माफी मागितली, पाटी स्वतःच्या हातानं उपटली. चावी त्याच दिवशी दुरुस्त झाली. टाळ्या वाजल्या, मुख्याध्यापकांनी तिघांची पाठ थोपटली. ठिणगीचा राग मात्र जाईना. "टाळ्या वाजवून अळ्या परत येतात का?"

"टाळ्यांनी नाही येत," बाई हसल्या. "पण वरचे जीव प्रवाहाबरोबर खाली येतात. आता पाणी त्यांना मारणार नाही. तुम्ही वरचा भाग शोधला नसता, तर कळलंही नसतं."

सुट्टी संपत आली होती. वर्गाच्या शेवटच्या दिवशी शेपटीनं एक दगड उलटा केला आणि बोंब ठोकली, "आली! तीन शेपट्यांची आली!"

सगळे धावले. सगळ्यांच्या पुढे अधीक्षक! पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली तरी त्यांना भान नव्हतं. दगडावर वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मी धरू का हा दगड?"

ठिणगीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"धरा. पण आधी हात ओले करा. आणि बघून झालं की होता तिथेच, होता तसाच ठेवायचा."

"बरं, बाई," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी निमूटपणे हात पाण्यात बुडवले.